टर्बोच्या आधीचा जॉइंट

आमच्या सेक्टर दोनमध्ये, म्हणजे स्टील प्लांटच्या वसाहतीत, गाडीतून धूर येतोय असं कुणी म्हणत नाही. "लीकेज आहे" म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात, जणू घरातल्या कुणाचं दुखणं सांगताहेत. यात नवल नाही. इथे दर दोन क्वार्टरांमागे एका माणसाने पाइपच्या जोडांशी झटापट करण्यात जन्म घातला आहे. कुणाचा नळ गळला की तिघं जमतात, आणि चौथा चप्पल घालत घालत विचारतो, प्रेशर किती आहे.

मीही त्यातलाच. प्लांटमध्ये पाण्याच्या पंपांवर आहे. तर त्या दिवाळीत मी इतका थकलो होतो की लक्ष्मीपूजनाच्या फोटोत मी उभ्या उभ्या झोपलेला दिसतो. हातात नारळ, डोळे मिटलेले. बायको आल्यागेल्याला तो फोटो दाखवते आणि सांगते, हे ध्यान लागलंय. त्या ध्यानाचं कारण होतं तळहाताएवढा एक जोड, इंजिनाच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी.

गाडी जुनी, डिझेलची, टर्बोवाली. दुसऱ्याने वापरलेली मी घेतली, आणि तिच्या सगळ्या सवयी तिच्याबरोबर घेतल्या. सकाळी थंडीत सुरू केली की बॉनेटखालून टक टक टक असा आवाज यायचा. थोडी चालली, लोखंड तापून फुगलं की आवाज बंद. मी खूश. आपलं आपण बरं होणारं दुखणं मला फार आवडतं.

पण ती बरी होत नव्हती. उड्डाणपुलावर चढताना तिला दम लागायचा. भाजीचा टेंपोसुद्धा बाजूने पुढे निघून जायचा, आणि त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की मी आरसा नीट करत असल्याचं नाटक करायचो.

एक दिवस बाबांनी विचारलं, हा टर्बो म्हणजे असतं तरी काय. बाबा म्हणजे माझे वडील, रेल्वेतून निवृत्त. मालगाडीचे गार्ड होते, सगळी नोकरी दुर्ग लाइनवर गेली. मी हातवारे करून सांगितलं की इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो, आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. म्हणून लहान इंजिनसुद्धा मोठ्यासारखं ओढतं.

बाबांनी थोडा विचार केला.

"म्हंजे बँकर," ते म्हणाले.

डोंगरगडच्या पुढे चढ लागतो. तिथे जड मालगाडीला मागून ढकलायला आणखी एक इंजिन जोडत, त्याला बँकर म्हणत. बाबा सगळ्यात मागच्या डब्यात बसत, म्हणजे बँकर त्यांच्या अगदी पाठीशी. माझ्या पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाचा त्यांनी एका शब्दात निकाल लावला आणि पेपर वाचायला घेतला.

लीक होता तो त्या पंख्याच्या आधीच्या जोडात. म्हणजे धूर पंख्यापर्यंत पोचायच्या आतच फटीतून निसटत होता. बँकर मागे उभा, पण ढकलायला जोर नाही. तेवढंच असतं तर मी टेंपोवाल्यांच्या नजरा सोसल्या असत्या. पण निसटलेला धूर बॉनेटखाली साचून हवेच्या जाळीतून आत यायचा, आणि आत पुढच्या सीटवर बाबा असायचे.

बाबांची फुप्फुसं तरुणपणच्या बिड्यांनी अर्धी करून ठेवली आहेत. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलंय, उदबत्तीच्यासुद्धा. आणि नाक एका जुन्या तापात गेलं, ते परत आलं नाही. त्यांना कसलाच वास येत नाही. घरात दूध करपलं की आम्ही धावतो आणि बाबा शांतपणे विचारतात, काय झालं.

दसऱ्यानंतर बोरसीला नात्यातल्या एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आम्ही तिघं गाडीने गेलो. परत येताना बायको मागून म्हणाली की तिचं डोकं धरलंय, वास येतोय. बाबा लगेच म्हणाले,

"मले तं काईच वास नाई येत."

"बाबा, तुमाले वास कधी येते? तुमची साक्ष कोन धरन?" बायको म्हणाली.

बाबा गप्प बसले. जरा जास्तच गप्प. बायकोने पुढे वाकून पाहिलं तर ते खोकला दाबून बसले होते, तोंड लाल, डोळ्यांत पाणी. मी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं, आणि मग तो खोकला असा सुटला की रस्त्यावरचा एक माणूस पाण्याची बाटली घेऊन आला.

घरी आल्यावर बायकोने हुकूम काढला. हे दुरुस्त होईपर्यंत बाबा या गाडीत बसणार नाहीत.

आता खोकला दाबून कुणी कशाला बसेल? तर भाऊबीज जवळ आली होती.

आमगावच्या पलीकडे एका गावात माझी आत्या राहते. बाबांची मोठी बहीण. नोकरीत असताना बाबा ड्यूटी बदलून घेत, पण भाऊबीजेला तिच्या पाटावर जाऊन बसत. आदल्या वर्षी मात्र गेले नाहीत. तिच्या स्टेशनवर आपली गाडी पलीकडच्या फलाटाला लागते आणि मधे उंच पूल आहे. त्याच्या आदल्या खेपेला त्या पुलाच्या मधल्या पायरीवर बाबा बसून गेले होते, आणि ज्या लाइनवर जन्म काढला तिच्याकडे खाली बघत राहिले होते. तेव्हापासून त्यांनी आगगाडीचं नाव काढलं नाही. आणि या पावसाळ्यात आत्या अंगणात पडली, खुबा मोडला, खाटेला लागली. आता तिचं येणं तर सोडूनच द्या.

तेव्हा आमची ही गाडी, हिच्याशिवाय मार्ग नव्हता. भाड्याची केली असती, पण बाबा परक्याच्या गाडीत बसायला तयार नव्हते. वाटेत खोकला आला, थांबावं लागलं, थुंकावं लागलं तर परक्या ड्रायव्हरचं तोंड बघत बसायचं त्यांना नको होतं. आत्यासाठी घेतलेलं लुगडं, गुळाची ढेप आणि इस्त्रीचा सदरा अशी पिशवी त्यांनी दाराशी आणून ठेवली. येता-जाता तिला आमचे पाय लागत. कुणी उचलून आत ठेवली की तासाभरात ती पुन्हा दाराशी.

जवळच्या रुआबांधा वस्तीतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीचा आवाज ऐकला, डोकं हलवलं आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. हा मिस्त्री फार बोलका. एखादा बोल्ट काढेपर्यंत त्याच बोल्टच्या चार गोष्टी सांगतो, आणि चारींमध्ये जिंकतो तोच. मागे याच टर्बोचं काम त्याने केलं होतं आणि जोडाच्या मधे धूर अडवणारी जुनीच पॅकिंग परत बसवली होती. लीक तिथूनच सुरू झाला असा माझा संशय आहे. त्याचा संशय माझ्या गाडी चालवण्यावर आहे.

निराश होऊन घरी आलो, तर कुंपणापलीकडून शेजारचे काका सगळं ऐकत होते. काका प्लांटच्या स्टीम लाइनवरून निवृत्त झालेले. ते म्हणाले, एवढुशा जोडासाठी मिस्त्री कशाला, आपण मेलो का.

मी पहिल्या पाळीवरून आलेला, पाय दुखताहेत, घरात फराळाच्या तळणीचा धूर. नाही म्हणायलाही ताकद लागते, ती नव्हती.

काकांनी प्लांटच्या रीतीनेच काम सुरू केलं. आधी मला गाडीसमोर सरळ उभं करून सुरक्षेच्या सूचना दिल्या. मी एकटा, ते एकटे, आणि फाटकाशी एक कुत्रं. कामातले धोके कोणते, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काका. ते हसले नाहीत.

जोड उघडला. आतली पॅकिंग एका बाजूला जळून काळी झालेली, आणि तिथूनच पत्र्यावर काजळीचा पंखा पसरलेला. नवी पॅकिंग नव्हती. काकांनी लाल पेस्टची ट्यूब काढली, कडक उष्णता सोसणारी म्हणून तिचं कौतुक केलं, आणि पुरणपोळीवर तूप घालावं तशी सढळ हाताने तिथे घातली. मी म्हणालो, जास्त होतंय. ते म्हणाले, कमी पडण्यापेक्षा बरं. बाबा खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर अशी आशा होती की मी पुढे काही बोललो नाही.

नट आवळले, इंजिन सुरू केलं. टक टक नाही. बाबा उठून उभे राहिले. तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

पण आम्ही प्लांटची माणसं. वाफेची लाइन पहिल्यांदा तापली की तिचे बोल्ट सैल पडतात, म्हणून ते गरम असतानाच पुन्हा आवळतात. ही रीत आमच्या हाडात बसलेली आहे. घरातल्या कुकरचं हँडल सुद्धा आम्ही गरम असताना एकदा आवळून बघतो.

"हॉट टायटनिंग केल्याबिगर जोड सोडाचा नाई," काका म्हणाले, आणि पान्याच्या दांड्याला हातभर पाइप लावून दिला. जोर जास्त मिळावा म्हणून.

मी गरम नटावर पाना लावला आणि ओढला. वाफेच्या लाइनचे बोल्ट अंगठ्याएवढे असतात. हे स्टड, म्हणजे इंजिनात रुतवलेले बोल्ट, करंगळीहून बारीक, कित्येक वर्षं तापून तापून गंजलेले. आधी काही झालं नाही. मग पाना एकदम हलका झाला. अशा वेळी पाना हलका होणं हे कुणालाही आवडत नाही. कट्. स्टड मुळापासून तुटला, आणि अर्धा आतच राहिला.

आम्ही दोघं त्या नटाकडे बघत राहिलो. काकांनी पाना माझ्या हातातून घेतला, पाइप काढला, आणि लांबी जरा जास्त होती असं कबूल केलं. पाइपची, त्यांची नाही.

आता गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. बायको बेसनाच्या हाताने बाहेर आली, पाहिलं, आणि काही न बोलता आत गेली. ते बोलण्यापेक्षा वाईट. बाबा मात्र बोलले.

"मी तोंडाले रुमाल बांधून बसतो ना. काचा उघड्या ठेवू."

आतून बायको म्हणाली की ते चालणार नाही.

"मंग तिले काय सांगू? पुढल्या साली येतो म्हून?" बाबा हळूच म्हणाले. "पुढल्या साली ती राहते का मी राहतो."

काका उठून घरी गेले.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी पॉवर हाऊस भागातल्या बाजारात नवी पॅकिंग शोधत फिरलो. ज्या दुकानात मिळाली तो मालक गल्ल्याला हार घालत होता आणि मला पाहून त्याला अजिबात आनंद झाला नाही. पत्र्याचे थर असलेली अस्सल पॅकिंग, नवे स्टड, नवे नट. संध्याकाळी तो फोटो निघाला, नारळवाला.

पाडव्याला दुपारी मी ती ओरडणारी गाडी घेऊन रुआबांध्याला गेलो. वाटेतल्या सगळ्या घरांतले लोक बाहेर येऊन बघत होते. मिस्त्रीचं घर दुकानाच्या मागेच. त्याच्याकडे गोवर्धनपूजा आटपली होती, गाईला खिचडी खाऊ घालून तो नव्या पांढऱ्या शर्टात खाटेवर पसरला होता. मी हात जोडले. त्याने आज सण आहे, हे तीन प्रकारांनी समजावलं. मी भाऊबीजेचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. पिशवीशी आल्यावर तो उठला. त्याची बहीण धमतरीकडे दिली आहे, आणि त्यालाही उद्या निघायचं होतं.

जोड उघडल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. काकांची लाल पेस्ट आवळताना आत दाबली गेली होती आणि पाइपच्या आत जिभेसारखी लोंबत होती. दोन बोटं पुढे टर्बोचा पंखा. ती जीभ तुटून पडली असती तर थेट त्या भणाणणाऱ्या पात्यांवर.

"ये किसने किया?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, प्लांटने. त्याला ते लगेच पटलं.

मग मात्र तो मन लावून भिडला, नव्या शर्टासकट, आणि दर काही मिनिटांनी शर्टाची आठवण करून देत. तुटक्या स्टडच्या टोकावर एक नट वेल्ड करून चिकटवला आणि तो तापलेला असतानाच हळूहळू फिरवून सगळाच बाहेर काढला. त्याची पहिली वेल्डिंग निसटली, दुसरीही निसटली. त्याने वेल्डिंग मशीनला शिव्या दिल्या, मग विजेला, मग मला. तिसरी टिकली. जोडाची दोन्ही तोंडं घासून सपाट केली, वर काच ठेवून उजेड कुठून दिसतो का बघितला. मी टॉर्च धरून उभा. कंबर अशी दुखत होती की मी एकदा गाडीलाच टेकून डुलकी काढली आणि टॉर्च त्याच्या डोळ्यांवर गेला.

पेस्ट नाही. फक्त नवी पॅकिंग, कोरडी. नट थंडच आवळले, थोडा हा, थोडा समोरचा, पुन्हा हा. पान्याला पाइप नाही. मग गाडी सुरू केली आणि आम्ही ती तापू दिली.

आणि इथे माझा उजवा हात आपोआप पान्याकडे गेला. खरं सांगतो, मला कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं तापलेल्या जोडापाशी उभं राहून पाना न उचलणं मला जमत नाही. मिस्त्रीने ते पाहिलं. त्याने पाना उचलला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर बसला. गाडी बंद झाली, गार झाली, तोपर्यंत बसून राहिला. मग उठला, एकेक नट तपासला आणि पाना खिशात घालून घरात गेला.

घरी काका वाट पाहत होते. त्यांना त्यांच्या परीने खात्री करायची होती. गॅसच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात, तसं. आम्ही व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून सायलेन्सरमधून हवा फुंकली आणि काकांनी दाढीच्या ब्रशने जोडावर फेस लावला. गाडीची दाढी करतो आहोत असं वाटत होतं. एकही बुडबुडा नाही. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांना किंचित वाईट वाटलं असावं.

शेवटची परीक्षा बायकोची. तिने भाऊबीजेच्या सकाळी थंड गाडी सुरू करायला लावली आणि आधी स्वतः आत बसून नाक वर करून वास घेतला. मग बाबांना शेजारी बसवलं, काचा थोड्या खाली ठेवून. दोघं समोर बघत बसले, कुठेच न जाणारे प्रवासी. बाबा श्वास रोखून होते.

"बाबा, श्वास घ्या," ती म्हणाली. "घ्या, मोठा घ्या."

त्यांनी घेतला. सोडला. पुन्हा घेतला. तिने मला मान हलवून खूण केली आणि जाऊन पिशवी आणली.

राजनांदगावच्या अलीकडे राऊतनाच्याची, म्हणजे दिवाळीत नाचत फिरणाऱ्या गवळ्यांची टोळी रस्त्यात लागली. कवड्यांचे पट्टे, रंगीत फेटे, काठ्या, आणि ढोल असा की काचा थरथरत होत्या. मी गाडी बंद केली. काजळीने काळी झालेली नखं स्टिअरिंगवर, डोळे मिटत होते. बाबा मात्र पेन्शनच्या दिवशीसारखे ताठ बसलेले.

डोंगरगड गेलं, जंगल आलं, चढ सुरू झाला. मी अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी क्षणभर घुटमळून एकदम पुढे सरली, जणू मागून कुणी खांदा लावला. बाबांनी पाठ सीटला टेकवली.

"लागला बँकर," ते म्हणाले. बास. मग आमगावपर्यंत काही नाही.

आत्याच्या घरी तिची खाट ओसरीवर आणलेली होती. सुनेने समोर पाट मांडला, ताट तयार होतं. आम्ही पोचताच आत्याने विचारलं,

"गेल्या साली कावून नाई आला रे?"

बाबा म्हणाले की गाडीचं काम निघालं होतं. गेल्या साली आमच्याकडे गाडीच नव्हती. आत्याला हे माहीत होतं. तिने ते चालवून घेतलं.

बाबा पाटावर बसले. सुनेने निरांजन पेटवलं, तुपाच्या वातीने आधी थोडा धूर सोडला, आणि बाबांचा खोकला सुरू झाला. बोरसीच्या वाटेवरचा तोच. मी पाणी आणायला धावलो. बायको बाबांची पाठ चोळत होती. मला हसू येत होतं आणि रडूही. प्लांट, मिस्त्री, पॉवर हाऊस, लाल पेस्ट, इतक्यातून त्यांना धुराशिवाय इथवर आणलं, आणि दारात तुपाच्या वातीने गाठलं.

आत्या खाटेवरून बघत होती. खोकला थांबल्यावर तिने सुनेला हात केला.

"दिवा तिकडं तुळशीपाशी ठेव. पेटलेला राहू दे, पन तिकडं." मग बाबांना म्हणाली, "पाट सरकव रे इकडं. माह्या हाताले पोचत नाई."

बाबांनी पाट खाटेला लावला. आत्याने कुंकू लावलं, तांदूळ लावले, आणि पडल्या पडल्या सुपारी आणि अंगठी त्यांच्या तोंडाभोवती फिरवली. तुळशीजवळ दिवा जळत होता. बाबांनी लुगडं तिच्या पोटावर ठेवलं. तिने पदर चाचपून पाहिला आणि रंग काकूबाईचा आणलास म्हणाली. बाबा म्हणाले, तू काय नवरी आहेस का.

मी अंगणातल्या बाजेवर आडवा झालो. जेवायला उठवा, असं सांगितल्याचं आठवतं. अर्धवट झोपेत ऐकत होतो, दोघं भांडत होते. लहानपणी कुणी कुणाची बोरं खाल्ली, याचा निकाल अजून लागायचा होता. आत्याचा आवाज चढत होता, बाबा मधे मधे श्वास घेऊन उत्तर देत होते, एकदाही न खोकता.

परतीला निघायची घाई कुणालाच नव्हती. गाडी गार होत होती, आणि पाना दूर मिस्त्रीच्या खिशात होता.